गोचीड आणि लस

१९५७ सालची गोष्ट. त्या वेळच्या म्हैसूर राज्यातील क्यासनूरच्या अरण्यात माकडे मरून पडू लागली. पाठोपाठ लाकूडफाट्यासाठी रानात जाणारी माणसेही तापाने फणफणली. तेव्हा पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्रातील शास्त्रज्ञ तेथे गेले. या रोगाचे कारण एक नवा विषाणू असून तो गोचिडीच्या दंशाने पसरतो, असे त्यांनी शोधून काढले.

पुढे त्या मारलेल्या विषाणूपासून लस तयार झाली. परंतु तिचे संरक्षण फार काळ टिकेना. २०१६ साली सिंधुदुर्गातील दोडामार्ग तालुक्यातही या ‘माकडतापा’ची साथ आली.

म्हणून शास्त्रज्ञ आता विषाणूच्या प्रथिनांचे पृथक्करण करतात. पहारेकरी चोराला चेहऱ्यावरून ओळखतो, तसे आपले शरीर विषाणूला त्याच्या आवरणावरील प्रथिनांवरून ओळखते. त्या प्रथिनाचा कोणता भाग शरीर चटकन ओळखते, हे हेरून तेवढाच भाग लसीसाठी निवडावयाचा. मात्र निवड म्हणजे लस नव्हे. आधी प्राण्यांवर व मग माणसांवर तिची कसोटी घ्यावी लागते.

तोवर रानात जाणाऱ्याने अंगभर कपडे घालावेत आणि घरी परतताच अंगावर गोचीड आहे काय, हे नीट पाहावे.