आकडा आधी, शब्द मग

ब्रिटनमध्ये नर्स म्हणून नोंदणी हवी असेल, तर तिथली नर्सिंग अँड मिडवाइफरी कौन्सिल, म्हणजे एनएमसी, इंग्रजी येत असल्याचा पुरावा मागते. आयेल्ट्स अकॅडेमिक ही परीक्षा दिलीत तर वाचन, ऐकणे आणि बोलणे यांत ७ बँड लागतात आणि लेखनात साडेसहा. लेखनालाही पूर्वी ७च लागत. डिसेंबर २०१८ पासून ते साडेसहावर आले. तरीही आपल्याकडच्या कितीतरी सिस्टर आणि ब्रदर अडकतात ते लेखनातच. मीही तिथेच अडकले होते. बाकी तिन्हींत सातच्या वर आणि लेखनात सहा. त्या अर्ध्या बँडापायी पंधरा हजारांहून जास्त फी पुन्हा भरावी लागली आणि हाती आलेली नोकरी हुकली. आता मी इंग्लंडमध्ये वॉर्डात काम करते आणि मिरज-सांगलीकडच्या ज्युनिअर मुलींचे सरावाचे पेपर तपासून देते. मला तेव्हा जे कुणी सांगितले नाही, ते इथे लिहिते आहे.

लेखनाच्या पेपरात तासाभरात दोन प्रश्न सोडवायचे असतात. पहिल्यात एखादा आलेख, तक्ता, नकाशा किंवा एखाद्या प्रक्रियेची आकृती देतात आणि किमान १५० शब्दांत तिचे वर्णन मागतात. दुसरा निबंध, किमान २५० शब्दांचा. गुणांत त्याचे वजन दुप्पट. निबंधाची धास्ती सगळ्यांना असते, म्हणून त्याची तयारीही होते. पहिला प्रश्न सोपा वाटतो आणि घात तिथे होतो.

मी ज्या क्लासला जात होते, तिथे या पहिल्या प्रश्नासाठी शब्दांची यादी मिळाली. सोअर, प्लमेट, स्कायरॉकेट, सर्ज, नोजडाइव्ह. साधे ‘इन्क्रीज’ लिहिले की बँड खाली येतो, असे तिथे ठासून सांगत. चित्र कुठलेही येवो, यादीतले शब्द त्यात आलेच पाहिजेत. चित्र वाचायचे कसे, हे मात्र कुणी शिकवले नाही. परीक्षेत मला आले ते एकाच वर्षातले वेगवेगळ्या देशांचे आकडे, उभ्या स्तंभांत मांडलेले. त्यात काही वाढत नव्हते, काही घटत नव्हते. एक देश दुसऱ्याच्या पुढे होता किंवा मागे होता, एवढेच. आणि हातातल्या यादीत एकूण एक शब्द वाढ-घटीचा! ज्या क्लासने भरपूर फी घेऊन ती यादी दिली, त्याने आमचे नुकसान केले, असे मी आजही म्हणते. कारण तीच यादी अजून वाटली जाते आणि तपासायला येणाऱ्या पेपरांत तेच शब्द मला दिसत राहतात.

ग्राफ आणि चार्ट यांत फरक काय, हे जवळजवळ प्रत्येक जण विचारते. उत्तर आपल्याच वॉर्डात आहे. टीपीआर चार्टवर आपण तापमानाचे बिंदू मांडतो आणि रेषेने जोडतो. इनटेक-आउटपुट चार्टवर रेषा नसतेच, नुसते मिलिलिटरचे आकडे असतात. दोन्हींना आपण चार्टच म्हणतो आणि ते बरोबर आहे. माहिती नजरेत भरेल अशी मांडली की तो चार्ट. हा मोठा शब्द. ग्राफ त्यातलाच एक प्रकार. त्याला दोन अक्ष असतात आणि एक गोष्ट दुसरीबरोबर कशी बदलते ते त्यात दिसते. लेबर रूममधला पार्टोग्राफ आठवा. आडवे तास, उभा गर्भाशयाच्या मुखाचा विस्तार सेंटिमीटरमध्ये, आणि तासाला एक सेंटिमीटर या हिशेबाने आखलेली अलर्ट लाइन. तो खराखुरा ग्राफ. स्तंभांच्या आकृतीला बार चार्ट म्हणा की बार ग्राफ, दोन्ही चालतात. त्यावरून गुण जात नाहीत. प्रश्नात जो शब्द छापला असेल तो घ्या आणि पुढे चला.

खरा फरक ओळखायचा तो वेगळाच. आकृतीत काळ पुढे सरकतो आहे का? आडव्या अक्षावर वर्षे, महिने, तास आहेत, की देश, वयोगट, खर्चाच्या बाबी आहेत? विल्यम प्लेफेअर या स्कॉटिश माणसाने १७८६ साली व्यापाराच्या आकड्यांचे पुस्तक काढले. त्यात वर्षानुवर्षांची आयात-निर्यात त्याने रेषांनी दाखवली. स्कॉटलंडचे आकडे मात्र त्याच्याकडे एकाच वर्षाचे होते. जोडायला पुढचा बिंदूच नव्हता. मग त्याने प्रत्येक देशासाठी पट्ट्या काढल्या आणि त्यातून बार चार्ट जन्माला आला. काळ आहे तिथे रेषा, काळ नाही तिथे स्तंभ, ही समज तेव्हापासूनची.

पण आकारावर विसंबू नका. स्तंभांखाली वर्षे लिहिलेली असली की स्तंभही काळच दाखवतात. आणि आपल्या व्यवसायाची जिच्यापासून ओळख, त्या फ्लॉरेन्स नाइटिंगेलची १८५८ची प्रसिद्ध आकृती बघा. क्रिमियन युद्धात सैनिक कशाने मेले ते तिने दाखवले आहे. आकृती गोल आहे, लांबून पाय चार्टच वाटते. प्रत्यक्षात प्रत्येक पाकळी म्हणजे एक महिना. निळा भाग टाळता येण्याजोग्या रोगांचा, लाल जखमांचा, काळा इतर कारणांचा. निळा भाग लालपेक्षा कितीतरी मोठा आहे आणि पुढच्या महिन्यांत तो आक्रसत जातो. गोल आकृती, तरी तिच्यात काळ आहे. परीक्षेतही दोन वेगळ्या वर्षांचे दोन पाय चार्ट शेजारी शेजारी देतात. तिथे वाटा किती हेही सांगावे लागते आणि वाटा किती बदलला हेही.

एवढे कळले की शब्द निवडणे फार अवघड राहत नाही. काळ असेल तर राइज, फॉल, फ्लक्चुएट, रिमेन स्टेबल आणि रीच अ पीक, या पाचांवर हात बसू द्या. त्यांना जोडायला स्लाइटली, ग्रॅज्युअली, शार्पली. मी तपासलेल्या बहुतेक पेपरांना याहून जास्त लागले नसते. काळ नसेल तर यातला एकही शब्द नको. तिथे हायर दॅन, ट्वाइस ॲज मेनी, द लार्जेस्ट शेअर, आणि वाट्यासाठी अकाउंट फॉर. सोअर किंवा प्लमेट हे शब्द वाईट नाहीत, पण १२ टक्क्यांचे १४ टक्के झाले तर ते सोअर नव्हे. आकडा दुप्पट-तिप्पट झाला, तोही थोड्या काळात, तर तो शब्द शोभतो. परीक्षक शब्दसंपत्ती पाहतो ती शब्द नेमका बसला का यासाठीही. पाठ केलेली वाक्ये तो ओळखतो, आणि प्रश्नातलेच वाक्य जसेच्या तसे उतरवले तर त्याचे श्रेय मिळत नाही.

आपल्या मराठीमुळे होणारी एक गफलत मला जवळजवळ प्रत्येक पेपरात दिसते. आपण सहज म्हणतो, यशाचा आलेख चढता आहे, आलेख खाली आला. त्या सवयीने मुली ‘द ग्राफ इन्क्रीज्ड’ लिहितात. इंग्रजीत ग्राफ वाढत नाही. वाढते ती रुग्णांची संख्या, पाण्याचा वापर, तिकिटाची किंमत. ग्राफ फक्त दाखवतो, म्हणून त्याच्यापुढे ‘शोज’ लिहा आणि पुढच्या वाक्यापासून जे वाढले त्यालाच कर्ता करा. माणसे मोजता येतात, म्हणून त्यांना नंबर. पाणी एक, दोन असे मोजता येत नाही, म्हणून त्याला अमाउंट. टक्के असतील तर पर्सेंटेज किंवा प्रपोर्शन. ‘अमाउंट ऑफ पीपल’ लिहू नका.

उलट एका ठिकाणी मराठीच मदतीला येते. टू आणि बाय यांत गोंधळ होतो ना? पगार पाच हजारांनी वाढला, तिथे ‘नी’ आहे, म्हणून बाय. पगार तीस हजारांवर गेला, तिथे ‘वर’ आहे, म्हणून टू. वाक्य मनात मराठीत म्हणून बघा, चूक होणार नाही. टक्क्यांचेही तसेच सांभाळा. समजा, एका शहरात बसने जाणारे २० टक्के होते आणि ते ३० टक्के झाले. ही वाढ दहा पर्सेंटेज पॉइंट्सची आहे. ‘दहा टक्क्यांनी वाढले’ असे लिहिले तर ते चूक, कारण विसाचे तीस होणे म्हणजे पन्नास टक्क्यांची वाढ.

सुरुवातीलाच, प्रश्न आपल्या शब्दांत मांडून झाला की, दोन वाक्यांत एकूण चित्र सांगा. सर्वांत ठळक काय बदलले, सर्वांत पुढे कोण. यालाच ओव्हरव्ह्यू म्हणतात. तो नसला तर बाकी सगळे आकडे अचूक असूनही बँड वर चढत नाही. कारणे मात्र देऊ नका. लोक बसकडे का वळले, हे आकृतीत लिहिलेले नसते. नर्सिंग नोट्समध्ये आपण रोगाचे निदान करत नाही, जे दिसले, जे मोजले तेच लिहितो. इथेही तोच नियम. वर्षे सरून गेलेली असतील तर भूतकाळ, पुढच्या वर्षांचे अंदाज असतील तर ‘इज प्रोजेक्टेड टू’.

हे सगळे केवळ बँडसाठी आहे असे कुणी समजू नये, म्हणून इथल्या वॉर्डाबद्दल सांगते. ब्रिटनमध्ये रुग्णांच्या नोंदींसाठी रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्सचा न्यूज-टू चार्ट वापरतात. ही सुधारित आवृत्ती २०१७ची. श्वास, ऑक्सिजनचे प्रमाण, रक्तदाब, नाडी, शुद्ध आणि तापमान यांना गुण देऊन बेरीज करायची. बेरीज ७ किंवा जास्त झाली की तातडीने टीमला बोलवायचे. रात्री डॉक्टरला फोन लावताना माझ्याजवळ वेळ नसतो. तेव्हा रक्तदाब ‘प्लमेट’ झाला म्हणून काही कळत नाही. दोन तासांत सिस्टॉलिक १३० वरून ९५ वर आले, त्याआधी संध्याकाळभर स्थिर होते, असे सांगितले की डॉक्टर निघतो. किती, कशावरून कशावर, किती वेळात. परीक्षेतला पहिला प्रश्न नेमके हेच मागतो. जिला हे साध्या इंग्रजीत सांगता येते, तिच्या हाती रुग्ण अधिक सुरक्षित असतो, असे मला मनापासून वाटते.

म्हणून ज्यांची परीक्षा जवळ आली आहे त्यांना विनंती आहे. क्लासला जा, पण पहिल्याच दिवशी विचारा की आकृती वाचायला शिकवणार का. नुसती यादी मिळणार असेल तर फी भरू नका. रोज ड्युटीवर एक टीपीआर चार्ट घ्या, रुग्णाचे नाव मनातही न आणता त्यावरची रेषा चार इंग्रजी वाक्यांत इन्चार्ज सिस्टरना सांगा आणि त्यांना एकच विचारा: चार्ट न बघता तुम्हाला ताप किती आणि कधी उतरला ते कळले का?