मक्याच्या देशातील गुरुजी

यवतमाळ जिल्ह्यातील बाभुळगावच्या काळ्या शिवारात श्रावण महिन्यात पाहावे, तर कपाशीच्या ओळी दूरवर गेलेल्या दिसतात आणि मध्येमध्ये तुरीचे तास उभे असतात. ही कपाशी तेथील माणसांना अगदी घरची वाटते. परंतु आज विदर्भात बहुतेक ठिकाणी पेरली जाते ती कपाशीची जात मूळची या देशातील नव्हे. तिचे माहेर मेक्सिको. मका, मिरची आणि टोमॅटो यांचे माहेरही तिकडचेच. बाभुळगावच्या घरात भाकरीवर मिरचीचा ठेचा वाढला जातो, तेव्हा त्या घासाचा एक वाटा सातासमुद्रापलीकडून आलेला असतो!

तिकडून पिके इकडे आली. इकडून तिकडे एक शिक्षक गेला. बाभुळगावची बेंबळा पुढे वर्धा नदीस मिळते आणि वर्धा नदी ओलांडली की वर्धा जिल्हा लागतो. त्या वर्ध्यास एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस जन्मलेले पांडुरंग सदाशिव खानखोजे हे ते शिक्षक होत.

खानखोजे शिक्षक होण्यासाठी घराबाहेर पडले नव्हते. लोकमान्य टिळकांच्या विचारांनी भारलेला हा तरुण विसाव्या शतकाच्या आरंभी जपानमार्गे अमेरिकेस गेला, तो देश स्वतंत्र करण्याची विद्या शोधत. अंगमेहनतीची कामे करीत त्याने तेथे शेतीशास्त्राचा अभ्यास केला. १९१३ साली अमेरिकेत गदर पक्ष उभा राहिला, त्यातही त्याचा हात होता. पहिले महायुद्ध सुरू झाल्यावर तो इराणात जाऊन इंग्रजांशी लढला. तो सारा इतिहास मोठा आहे आणि तो वेगळा सांगावा लागेल. येथे एवढेच सांगणे पुरे, की युद्ध संपले तेव्हा मायदेशाची वाट त्यांना बंद झालेली होती. हिंदुस्थानात पाऊल टाकताच तुरुंग किंवा त्याहून वाईट काही वाट्यास आले असते. अशा स्थितीत १९२४ साली ते मेक्सिकोस पोहोचले.

मेक्सिकोत १९१० साली मोठी क्रांती झाली होती. जमीनदारांच्या अफाट जमिनी शेतकऱ्यांना वाटून देण्याचे काम चालू होते. परंतु जमीन हाती आली म्हणजे पीक हाती आले असे होत नाही. त्यासाठी शेती शिकविणारी माणसे हवी होती. राजधानीच्या पूर्वेस टेक्सकोको गावाजवळ चापिंगो येथे एका जुन्या जमीनदारी वाड्याच्या आवारात राष्ट्रीय कृषिविद्यालय भरत असे. जमिनीकडून काम घ्यावयास शिकवा, माणसाला पिळावयास नव्हे, अशा अर्थाचे त्या विद्यालयाचे बोधवाक्य आहे. या विद्यालयात खानखोजे प्राध्यापक झाले.

येथे एक अडचण होती आणि ती लहान नव्हती. त्यांची मातृभाषा मराठी. शेतीशास्त्र ते शिकले इंग्रजीत. आणि शिकवावयाचे होते स्पॅनिशमध्ये. परक्या देशात शिक्षक म्हणून उभे राहणाऱ्या माणसाला आधी विद्यार्थी व्हावे लागते. त्यातही पुस्तकातील स्पॅनिश वर्गापुरती उपयोगी पडते, शेतात ती अपुरी ठरते. मेक्सिकोचा शेतकरी मक्याविषयी बोलताना कितीतरी शब्द नाहुआत्ल या तेथील प्राचीन भाषेतून घेतो. कोवळ्या कणसाला तो ‘एलोते’ म्हणतो. तेच पिकून वाळले की ‘मासोर्का’ होते. दाणे काढून उरलेल्या दांड्याला ‘ओलोते’ असे नाव आहे आणि मक्याच्या शेताला ‘मिल्पा’. आपल्या भाषेत आलेले टोमॅटो आणि चॉकलेट हे शब्दही या नाहुआत्लमधूनच निघाले आहेत. असे शब्द पुस्तकापेक्षा शेतकऱ्याच्या तोंडूनच चांगले कळतात. गुरुजींनी विचारावे आणि शिष्यांनी सांगावे, असा हा उलटा वर्ग! तिकडे शिक्षकाला ‘माएस्त्रो’ म्हणतात आणि कसबी गवंड्यालाही तोच शब्द लावतात. आपण शाळेतल्या गुरुजींना मास्तर म्हणतो आणि कपडे शिवणाऱ्यालाही मास्तरच म्हणतो, तसाच हा प्रकार.

मात्र सर्वच काही अनोळखी नव्हते. पावसाळा तेथेही उन्हाळ्यामागोमाग येतो आणि शेतकरी तेथेही आभाळाकडे डोळे लावून बसतो. बायका मक्याचे दाणे चुन्याच्या पाण्यात शिजवून मऊ करतात, तीन पायांच्या दगडी पाट्यावर ते वाटतात आणि त्या पिठाची पातळ भाकर मातीच्या तव्यावर भाजतात. तिला ‘तोर्तिया’ म्हणतात. तिच्याबरोबर घेवडा आणि मिरची असली की जेवण झाले. ज्वारीच्या भाकरीवर वाढलेल्या वैदर्भीय माणसाला या ताटात परके वाटण्यासारखे फार थोडे होते. थंडी मात्र निराळी. चापिंगो समुद्रसपाटीपासून दोन हजार मीटरांहून अधिक उंचीवर वसलेले असून, आकाश स्वच्छ असले म्हणजे तेथून हिमाच्छादित ज्वालामुखी पर्वत दिसतात.

खानखोज्यांनी ज्या पिकांवर संशोधन केले, त्यांत मका मुख्य. मक्याची एक गंमत आहे. त्याच्या शेंड्यावर तुरा येतो, तो नर फुलांचा. कणसातून रेशमासारखे केस बाहेर लोंबतात, ते मादी फुलांचे. प्रत्येक केस आत एकेका दाण्याशी जोडलेला असतो. तुऱ्यातील पराग वाऱ्याबरोबर उडून त्या केसांवर पडले, तरच दाणा भरतो. ज्या केसाला पराग मिळत नाही त्याची जागा रिकामी राहते. वारा हद्द ओळखत नाही, म्हणून एकाच कणसात शेजारच्या शेतातील मक्याचा अंश सहज येऊन बसतो. खळ्यावर मोठे कणीस निवडून बी राखले, तरी पुढल्या वर्षी पीक तसेच येईल याची खात्री नसते. त्यासाठी शेतात उभ्या पिकातूनच निरोगी, भरदार ताटे हेरून ठेवावी लागतात आणि बियाण्याचे शेत इतरांपासून दूर ठेवावे लागते. जमिनीचा लहानसा तुकडा नुकताच हाती आलेल्या शेतकऱ्याच्या दृष्टीने हा धडा म्हणजे वर्षभराच्या अन्नाचा प्रश्न होता. बी चुकले तर घरातली मुले उपाशी राहणार.

मेक्सिकोत ‘तेओसिंते’ नावाचे एक रानटी गवत उगवते. या नाहुआत्ल नावाचा अर्थ देवाचे कणीस असा होतो. त्याच्या इवल्याशा कणसात कठीण कवचाचे मोजकेच दाणे असतात. तरीही आजचा मका त्याच्यापासूनच घडला आहे. खानखोज्यांनी या गवताचा मक्याशी संकर करून ‘तेओ-मका’ नावाचे वाण तयार केले.

विद्यालयात शिकावयास येऊ शकत नाहीत त्यांचे काय, हा विचार खानखोज्यांना स्वस्थ बसू देईना. शेतकरी संघटनांच्या साह्याने त्यांनी ‘मुक्त कृषिशाळा’ उघडल्या. ज्यांनी कधी शाळेचे तोंड पाहिले नव्हते, अशा शेतमजुरांसाठी आणि त्यांच्या मुलांसाठी त्या होत्या. तीना मोदोत्ती या प्रसिद्ध छायाचित्रकर्तीने त्यांच्या या कार्याची छायाचित्रे घेतली. दिएगो रिव्हेरा या थोर चित्रकाराने १९२३ ते १९२८ या काळात मेक्सिकोच्या शिक्षणखात्याच्या इमारतीच्या भिंती चित्रांनी भरून टाकल्या. त्यांतील ‘आमची रोजची भाकर’ या चित्रात मेजाभोवती निरनिराळ्या वंशांची माणसे बसली आहेत आणि मध्यभागी एक पुरुष भाकर मोडून वाटीत आहे. त्या पुरुषाचा चेहरा खानखोज्यांचा आहे. एखाद्या शिक्षकाला परक्या देशाने आपल्या शिक्षणखात्याच्या भिंतीवर असे बसवावे, ही गोष्ट सहसा घडत नाही.

१९३६ साली त्यांनी एका बेल्जियन तरुणीशी विवाह केला. मुलींची नावे त्यांनी सावित्री आणि माया अशी ठेवली. स्पॅनिश बोलणाऱ्या देशात ही दोन नावे रोज हाक मारण्यात येत होती, तेवढेच गाव जवळ. सावित्री यांनी पुढे वडिलांचे चरित्र लिहिले.

१९४७ साली भारत स्वतंत्र झाला. शेतीसुधारणेसाठी त्या वेळच्या मध्यप्रदेश सरकारने खानखोज्यांना बोलाविले आणि १९४९ साली, चाळीसहून अधिक वर्षांनंतर, ते मायदेशी आले. विमानतळावर त्यांना अडविण्यात आले. इंग्रज सरकारने देशात येऊ न देण्याजोग्या माणसांची जी यादी केली होती, तीत त्यांचे नाव तसेच राहून गेले होते. इंग्रज गेले होते, यादी गेली नव्हती! ज्या राज्याविरुद्ध ते लढले त्या राज्याच्या एका कागदाने वृद्धापकाळी त्यांना स्वतःच्याच दारात उभे केले. अखेरीस त्यांची सुटका झाली.

पुढे ते नागपूरला स्थायिक झाले. २२ जानेवारी १९६७ रोजी त्यांचे निधन झाले. चापिंगोचे विद्यालय आता विद्यापीठ झाले आहे. त्याच्या आवारात २०२२ साली भारताच्या लोकसभाध्यक्षांच्या हस्ते खानखोज्यांच्या पुतळ्याचे अनावरण झाले.