पेत्र सुटला, मग याकोब का नाही?

आजचं वाचन : प्रेषितांची कृत्ये 12:1-17, मार्क 14:32-42



दर रविवारी विश्वासांगीकारात आपण 'सर्वसमर्थ पिता' म्हणतो आणि पुढे जातो. पण एखाद्या आठवड्यात हॉस्पिटलमधून फोन येतो आणि तो एकच शब्द घशात अडकतो. आमच्या तरुण संघातल्या एका मुलीचे वडील गेले. मंडळीने कितीतरी दिवस उपास-प्रार्थना केली होती. नंतर तिचा मेसेज आला, "दादा, देवाला जमत नव्हतं, की करायचं नव्हतं?"

देव स्वतःला उचलता येणार नाही असा दगड बनवू शकतो का, हे कॉलेजमधलं कोडं आहे. थॉमस अक्वायनसने 13व्या शतकातच सांगून ठेवलंय की जे मुळात परस्परविरोधी आहे ती 'गोष्ट'च नाही, त्यामुळे सामर्थ्य कमी पडायचा प्रश्न येत नाही. ठीक. पण तिचा प्रश्न कोडं नव्हता. म्हणून आम्ही दोघांनी मिळून प्रेषित 12 उघडला.

हेरोद राजा योहानाचा भाऊ याकोब याला तलवारीने मारतो. लूक एका वाक्यात हे सांगून पुढे जातो. पेत्राची सुटका मात्र किती सविस्तर! चार-चार शिपायांच्या चार तुकड्या, दोन साखळ्या, देवदूत, आपोआप उघडणारा लोखंडी दरवाजा. आणि दार ठोठावल्यावर आलेली ती मुलगी आनंदाच्या भरात दार उघडायचंच विसरते. (मला हा प्रसंग फार आवडतो.)

देव तोच, राजा तोच, तुरुंगात टाकणारे हातही तेच. मग फरक का? याकोब कमी लाडका होता म्हणावं, तर याइराच्या मुलीला उठवताना, डोंगरावर रूपांतर झालं तेव्हा आणि गेथशेमानेत येशूने ज्या तिघांना जवळ ठेवलं, त्यांत तो होताच. त्याचा विश्वास कमी पडला, असंही लूक कुठेच म्हणत नाही. मयताच्या घरी जाऊन "तुमचा विश्वास कमी पडला" म्हणणाऱ्यांनी हा अध्याय एकदा नीट वाचावा.

आता मार्क 10 बघा. याकोब आणि योहान येशूकडे उजव्या-डाव्या बाजूच्या जागा मागतात. तो विचारतो, माझा प्याला तुम्हाला पिता येईल का? दोघं बिनधास्त हो म्हणतात. मार्क 14 मध्ये त्याच प्याल्यासमोर येशू स्वतः व्याकूळ झालाय, आणि याकोब थोड्याच अंतरावर झोपलाय. येशू आधी पित्याला म्हणतो की तुला अशक्य असं काहीच नाही, आणि मग प्याला दूर करायची विनंती करतो. प्याला दूर होत नाही.

म्हणजे सामर्थ्याबद्दल पूर्ण खात्री असलेल्या पुत्राचीही ती विनंती पूर्ण झाली नाही. 'जमत नव्हतं' हे उत्तर इथेच गळून पडतं. आणि जो स्वतः वधस्तंभापर्यंत गेला, त्याला आपल्या दुःखाचं काही वाटत नाही, असंही म्हणता येत नाही. खाली उभे असलेले टिंगल करत होते : दुसऱ्यांना वाचवलं, आता स्वतः उतरून दाखव. त्यांच्या लेखी सामर्थ्य म्हणजे खाली उतरणं. पौल मात्र 1 करिंथ 1 मध्ये वधस्तंभावर दिलेल्या ख्रिस्तालाच देवाचं सामर्थ्य म्हणतो, आणि इफिस 1 मध्ये ते सामर्थ्य रिकाम्या कबरेपाशी दाखवतो. पेत्रासाठी दरवाजा उघडला. याकोब ज्या दरवाजातून गेला, त्याच्या पलीकडे येशू आधीच जाऊन आला होता.

तिने विचारलं, "मग प्रार्थना कशाला करायची?"

मी तिला पाचवं वचन दाखवलं. याकोब गेल्यानंतर तीच मंडळी पेत्रासाठी पुन्हा कळकळीने प्रार्थना करत होती. नंतर योहान-मार्कच्या आईच्या घरी रात्री पुष्कळ जण जमले होते. आणि पेत्र दाराशी आलाय म्हटल्यावर त्यांचाच विश्वास बसेना! तशा विश्वासाच्या लोकांचंही देवाने ऐकलं.

प्रार्थना : सर्वसमर्थ पित्या, आज ज्यांच्या घरी एक खुर्ची रिकामी आहे त्यांच्याजवळ राहा. तुझ्याशी बोलायला त्यांना शब्द सुचत नसतील, तर त्यांच्यासाठी आम्हाला जागं ठेव. येशूच्या नावाने, आमेन.