नेट गेले, म्हणजे नेमके काय गेले?

बी. कॉम., पाचवे सत्र

आमच्या बीदर-कलबुर्गी भागात कार्यालयातील काम थांबले की मराठी माणूस म्हणतो, "नेट गेलं", आणि शेजारचा कानडी माणूस म्हणतो, "नेट होय्तु." तक्रार दोन्ही भाषांत एकच आणि दोन्हींत सारखीच अपुरी आहे. वीज गेली, बाहेरून येणारी जोडणी तुटली, की छताला लावलेले वाय-फायचे यंत्र आपोआप बंद होऊन पुन्हा सुरू झाले, हे त्या वाक्यावरून कळत नाही. कारण न कळता उपाय केला तर पैसा जातो आणि दोष मात्र राहतो. प्रस्तुत लेखात या तिसऱ्या प्रकाराचा, म्हणजे ॲक्सेस पॉइंट मधूनमधून आपोआप रीस्टार्ट होण्याचा, विचार करावयाचा आहे.

हा विषय वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याने का हाती घ्यावा, असे कोणी विचारील. १ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर लागू झाला आणि व्यापाऱ्याची विवरणपत्रे ऑनलाइन गेली. दरमहा विवरण भरणाऱ्याला जीएसटीआर-३बी पुढील महिन्याच्या २० तारखेपर्यंत दाखल करावे लागते. उशीर झाल्यास दिवसाला ५० रुपये आणि व्यवहार शून्य असल्यास २० रुपये विलंब शुल्क पडते. कर देणे राहिल्यास व्याज निराळे. मी संध्याकाळी एका कर सल्लागाराच्या कार्यालयात काम शिकतो. तेथे महिन्याच्या १९-२० तारखेला खेड्यांतले दुकानदार बाकावर बसून असतात आणि त्यांचे लक्ष शेवटच्या बसकडे असते. अशा वेळी यंत्र रीस्टार्ट झाले की तीन-चार मिनिटे जातात आणि जतन न केलेल्या नोंदी पुन्हा भराव्या लागतात. दोष यंत्राचा, पण भुर्दंड दुकानदाराचा, असा हा प्रकार आहे.

पहिली पायरी : नोंद

दोष शोधण्यापूर्वी एक साधी वही घालावी. तीत पाच रकाने पुरेत : तारीख, वेळ, कोणते यंत्र, त्या क्षणी वीज कशी होती, आणि आणखी काय चालू होते. बऱ्याच यंत्रांत घटनांची अंतर्गत नोंद असते; पण ती तात्पुरत्या स्मृतीत असल्यास रीस्टार्टबरोबर पुसली जाते. म्हणून कागदी वहीला पर्याय नाही. निदान आठवडाभर नोंद झाल्याखेरीज नवे यंत्र विकत घेण्याचा विचारही करू नये.

दुसरी पायरी : जुळवणी

आपण बँक जुळवणी पत्रकात रोकडवही व पासबुक शेजारी ठेवून फरक शोधतो. येथेही तसेच करावे. ॲक्सेस पॉइंट आणि त्याला वीज व माहिती पुरविणारा स्विच, या दोहोंच्या पानांवर 'अपटाइम', म्हणजे शेवटचे सुरू झाल्यापासूनचा काळ, दिसतो. तो पाहून चार निष्कर्ष निघतात.

(१) ॲक्सेस पॉइंटचा अपटाइम अखंड असेल तर तो रीस्टार्ट झालेलाच नाही. दोष बाहेरच्या जोडणीत शोधावा.

(२) स्विच व ॲक्सेस पॉइंट एकाच वेळी सुरू झाले असतील तर दोष विजेच्या मुख्य पुरवठ्यात, प्लगमध्ये किंवा इन्व्हर्टरमध्ये आहे. विजेचे एक आवर्तन २० मिलिसेकंदांचे असते. इन्व्हर्टरने भार उचलण्यास त्याहून जास्त वेळ घेतला तर दिवा नुसता लुकलुकतो, पण यंत्र रीस्टार्ट होऊ शकते.

(३) स्विच चालूच होता, पण त्या एका पोर्टची वीज तुटली, असे दिसल्यास केबल, पोर्ट किंवा स्विचची एकूण क्षमता तपासावी.

(४) वीज अखंड असूनही ॲक्सेस पॉइंट बंद पडला, तर उष्णता, फर्मवेअर किंवा खुद्द यंत्र, या क्रमाने पाहावे. कलबुर्गीत एप्रिल-मे महिन्यांत पारा ४० अंशांपुढे जातो. पत्र्याखालच्या छतापाशी तर त्याहूनही अधिक. यंत्राची तापमर्यादा त्याच्या माहितीपत्रकात दिलेली असते.

विजेचा हिशेब

माहितीच्याच केबलमधून वीज देण्याच्या पद्धतीस पीओई म्हणतात. २००३ च्या मानकानुसार स्विच एका पोर्टवर १५.४ वॅट देतो आणि १०० मीटर केबलच्या टोकाला १२.९५ वॅटची हमी असते. कलबुर्गीहून तुरीची पोती धाडली की वाटेत थोडी तूट धरावीच लागते, २.४५ वॅट ही तशीच सामान्य तूट समजावी. पण केबल तांब्याऐवजी तांब्याचा मुलामा दिलेल्या ॲल्युमिनियमची असेल, किंवा मध्येच जोड देऊन टेप गुंडाळलेली असेल, तर तूट असामान्य होते. काम कमी असताना यंत्र तग धरते. गर्दी वाढली, विजेची मागणी वाढली, की कोसळते. 'कधीही होते' असे आपल्याला वाटते त्याचे कारण हे.

अंदाजपत्रकही पाहावे. समजा, स्विचची एकूण क्षमता ६० वॅट आहे. त्यावर प्रत्येकी ९ वॅटचे पाच ॲक्सेस पॉइंट व ६ वॅटचे दोन कॅमेरे असल्यास बेरीज ५७ होते. भरगर्दीत प्रत्येक ॲक्सेस पॉइंटने १२ वॅट मागितले की मागणी ७२ वर जाते. मग स्विच एखाद्या पोर्टची वीज तोडतो.

तिसरी पायरी : अदलाबदल

संशयित यंत्र व चांगले यंत्र यांच्या केबलींची अदलाबदल करावी. एका वेळी एकच गोष्ट बदलावी. दोष यंत्राबरोबर गेला तर यंत्र दोषी, केबलबरोबर गेला तर केबल. आमच्या कार्यालयात मागच्या खोलीतील ॲक्सेस पॉइंट बदलण्याचे जवळजवळ ठरले होते. वहीत मात्र स्विच एकदाही थांबलेला दिसला नाही. केबली बदलताच पुढच्या खोलीतील चांगले यंत्र रीस्टार्ट होऊ लागले. शोध घेता खिडकीतून आत घेतलेल्या केबलला मध्ये जोड दिलेला सापडला. शुद्ध तांब्याची अखंड केबल घातली आणि जुने यंत्र आजही त्याच जागी काम करीत आहे.

तात्पर्य, तक्रार ही नोंद नव्हे. आपल्या महाविद्यालयाच्या संगणक कक्षातही अशी एक वही असावी, रकान्यांची नावे मराठी व कन्नड दोन्ही भाषांत असावीत, आणि ती भरण्याचे काम वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्यांकडे द्यावे, अशी प्राध्यापकवर्गास नम्र विनंती आहे. तारीख-वेळेसह नोंद घेण्याची सवय आम्हांस आहेच.