गोष्ट सांग, हुकूम नको

चि. भाचीस,


केस कापायचे म्हटलं की तुझा धाकटा पलंगाखाली शिरतो, असं तुझ्या आईकडून कळलं. ‘काही होत नाही रे’ म्हणत त्याला ओढत नेण्याआधी कॅरोल ग्रे यांची पद्धत समजून घे.

ग्रे या अमेरिकेत, मिशिगनमधल्या जेनिसनच्या शाळांत स्वमग्न मुलांसाठी काम करत. १९९० च्या सुमारास त्यांनी एकेका मुलापुरत्या गोष्टी लिहायला घेतल्या. या ‘सोशल स्टोरीज’मध्ये ना राजा, ना राक्षस. समोर काय येणार आहे, कोण काय करील आणि का, एवढंच. माहितीची वाक्यं भरपूर. ‘असं कर’ म्हणणारी मोजकी, नसली तरी चालतील. ‘नेहमी’ऐवजी ‘बहुतेक वेळा’. आणि ‘तू’ नाही. गोष्ट ‘मी’ किंवा ‘तो’ची.

आधी नीट बघ, त्याला नेमकं काय नको होतं: मशीनचा आवाज, गळ्याभोवतीचं कापड की पाण्याचा फवारा? मग लिही:

‘शनिवारी मी बाबांबरोबर सलूनमध्ये जाईन. कपडे खराब होऊ नयेत म्हणून काका गळ्याभोवती कापड बांधतात. मशीनचा घर्रर आवाज येतो. कधीकधी मानेला बारीक केस टोचतात. काका ते ब्रशने झाडतात. आवाज नको झाला तर मी हात वर करीन. काका मशीन थांबवतील.’

शेवटचं वाक्य लिहिण्याआधी त्या काकांशी बोलून ठेव. त्याच खुर्चीचा फोटो चिकटव. निघायच्या गडबडीत नाही, आदल्या संध्याकाळी निवांत वाच. ‘रडायचं नाही’ हे वाक्य मात्र नको. उद्या लशीची गोष्ट लिहिशील तेव्हा ‘दुखणार नाही’ असंही लिहू नकोस; सुई टोचली की पुढच्या गोष्टीवर तो विश्वास ठेवणार नाही.

एका गोष्टीत एकच अडचण घे. अपेक्षाही छोटीच ठेव. इंग्लंडच्या शाळांत अशा गोष्टींची २४९ स्वमग्न मुलांवर मोठी चाचणी झाली. सामाजिक वागण्याच्या एकूण मोजमापात फरक दिसला नाही. पण प्रत्येकासाठी ठरवलेलं छोटं उद्दिष्ट गोष्टी ऐकलेल्या मुलांनी जास्त वेळा गाठलं.

निम्म्या गोष्टी तरी मुलाला जमणाऱ्या कामाच्या कौतुकाच्या असाव्यात, असा ग्रे यांचा आग्रह. धाकटा नखं कापून घेताना हात कसा पुढे धरतो! पहिली गोष्ट त्याचीच लिही. सलूनची त्यानंतर.

तुझी मावशी