पाठ ९ : नारिंगी स्वाती

स्वाती नावाची एखादी मावशी किंवा काकू तुमच्या ओळखीत असेलच. आज त्या नावाचा तारा बघू या. दुर्बीण नको, डोळे पुरेत.

मे-जूनमध्ये अंधार पडला की आधी सप्तर्षी शोधा. सात तारे, लांब दांड्याच्या पळीसारखे. दांडा थोडा वाकलेला आहे. त्याच वळणाने नजर पुढे न्या. पहिला ठळक तारा दिसेल, तोच स्वाती. शाळेत त्याला आर्क्ट्युरस म्हणतात. नीट बघा, तो पांढरा नाही, नारिंगी आहे.

असं का? ताऱ्याचा रंग तापमानावरून ठरतो. नळावर लाल खूण म्हणजे गरम, निळी म्हणजे थंड, हो ना? ताऱ्यांचं बरोबर उलटं! निळे तारे सगळ्यात जास्त तापलेले. सूर्याच्या पृष्ठभागाचं तापमान साधारण ५५०० अंश सेल्सिअस आहे, स्वातीचं सुमारे ४०००. (याला ‘थंड’ कोण म्हणेल?)

तरीही तो इतका चमकतो, कारण तो प्रचंड मोठा आहे. त्याचा व्यास सूर्याच्या सुमारे २५ पट आहे. गंमत म्हणजे त्याचं वस्तुमान मात्र जवळजवळ सूर्याइतकंच! तो म्हातारा झालाय. त्याच्या गाभ्यातला हायड्रोजन संपला आणि तो फुगला. आपला सूर्यही साधारण ५ अब्ज वर्षांनी असाच फुगणार आहे.

स्वाती आपल्यापासून सुमारे ३७ प्रकाशवर्षं दूर आहे. म्हणजे आज दिसणारा प्रकाश तिथून ३७ वर्षांपूर्वी निघाला. तेव्हा तुमचा जन्मही झाला नव्हता.

१९३३ साली शिकागोच्या मोठ्या प्रदर्शनाचे दिवे स्वातीच्या प्रकाशाने लावले. दुर्बिणींनी तो प्रकाश पकडला, त्यातून विजेचा इशारा गेला आणि दिवे लागले. स्वातीच का? शिकागोत आधीचं मोठं प्रदर्शन १८९३ साली भरलं होतं, आणि तेव्हा स्वाती ४० प्रकाशवर्षं दूर आहे असं मानत. जुन्या प्रदर्शनाच्या वेळी निघालेला प्रकाश नव्याचे दिवे लावेल, अशी ती कल्पना! हिशोब तीन वर्षांनी चुकला, पण कल्पना मला फार आवडते.

शब्दार्थ
पळी – आमटी वाढायचा लांब दांड्याचा चमचा
गाभा – अगदी आतला भाग
प्रकाशवर्ष – प्रकाश एका वर्षात जेवढं अंतर जातो तेवढं अंतर

स्वाध्याय
१. निळा तारा आणि नारिंगी तारा, यांत जास्त गरम कोणता?
२. स्वाती सूर्यापेक्षा थंड असूनही इतका का चमकतो?
३. आई-बाबांना विचारा : ३७ वर्षांपूर्वी तुम्ही कुठे होतात? त्यांचं उत्तर चार-पाच वाक्यांत लिहा.