कोणी केले? आणि किती?



मागच्या रविवारी प्रयोग शिकवताना एका विद्यार्थ्याने विचारले, "काका, हे मोठेपणी कशाला लागतं?" तास संपत आला होता, म्हणून उत्तर पुढच्या अंकात देतो असे आम्ही कबूल केले. ते हे उत्तर.

आधी थोडी उजळणी करू.

"आईने खीर केली." हा कर्मणी प्रयोग. क्रियापद खिरीप्रमाणे चालते, पण करणारी आई आहे हे लगेच कळते.

"आईकडून खीर केली गेली." हा नवीन कर्मणी. वाक्य अवघडले, पण आई अजून जागेवर आहे.

"खीर करण्यात आली." आता आई गेली! खीर वाटीत आहे, पण ती कोणी केली याचा पत्ता नाही.

असे वाक्य बोलायला मुलांना शिकवावे लागत नाही. "फुलदाणी फुटली" हे वाक्य घरोघरी आपोआप येते. "मी फुलदाणी फोडली" हे मात्र ओठावर येता येत नाही. आई मग काय विचारते? "कोणी फोडली?" बातमीदाराचे कामही तेच आहे: कोणी, काय, कोठे, केव्हा, का आणि कसे, हे विचारायचे.

आता इकडे बसून आपण मराठी वृत्तपत्रे वाचतो, तेव्हा या धर्तीचे वाक्य वारंवार भेटते: "या प्रकरणी चौकशी करण्यात येईल, असे सांगण्यात आले." चौकशी कोण करणार? सांगितले कोणी? सरकारी पत्रकाची भाषा जशीच्या तशी बातमीत उतरली की असे होते. पूर्वी सगळे उत्तमच होते, असे आमचे म्हणणे नाही. पण घाई वाढली, मुद्रितशोधकाचे टेबल अनेक ठिकाणी उठले, आणि "कोणी?" असे समासात लिहिणारी लाल पेन्सिल त्याबरोबर गेली.

बाळशास्त्री जांभेकरांनी ६ जानेवारी १८३२ रोजी मुंबईत 'दर्पण' सुरू केले. त्यात एका स्तंभात मराठी आणि शेजारी इंग्रजी मजकूर असे. तोच मजकूर दोन भाषांत लिहून पाहा, म्हणजे आपल्याला नेमके काय म्हणायचे आहे हे आपल्यालाच कळले आहे की नाही, ते उघडे पडते. तुम्ही मुले रोज दोन भाषांत वावरता, तेव्हा ही परीक्षा तुमच्या हातातच आहे.

आता ऑफिसाकडे वळू. तेथे कर्त्याबरोबर आकडाही हरवतो. याचे सर्वांत दुःखद उदाहरण आपल्या अमेरिकेतलेच आहे.

१६ जानेवारी २००३ रोजी कोलंबिया यान उडाले. कर्नालला जन्मलेल्या कल्पना चावला त्यात होत्या. उड्डाणानंतर सुमारे ८२ सेकंदांनी बाहेरच्या टाकीवरचा फोमचा तुकडा सुटून डाव्या पंखावर आदळला. यान अवकाशात असतानाच अभियंत्यांनी धोक्याचा अंदाज बांधला आणि तो स्लाइडवर मांडला. एका स्लाइडचा मथळा धीर देणारा होता. मजकुरात 'लक्षणीय' या अर्थाचा इंग्रजी शब्द पाच वेळा आला होता, पण तो किती, हे त्यातून कळत नव्हते. सर्वांत महत्त्वाची गोष्ट अगदी तळाशी, बारीक अक्षरांत होती: चाचणीतला तुकडा ३ घनइंचांचा, तर यानावर आदळलेला सुमारे १९२० घनइंचांचा. म्हणजे ६४० पट! एक लिंबू आणि एकतीस लिटरचा हंडा, एवढा हा फरक. १ फेब्रुवारीला परतताना यान टेक्ससच्या आकाशात फुटले आणि सातही जण गेले.

केवळ एका स्लाइडमुळे हे घडले, असे कोणी म्हणत नाही. परंतु ऑगस्ट २००३च्या अहवालात चौकशी मंडळाने त्या स्लाइडची चिरफाड छापली. एडवर्ड टफ्टी यांनी ती केली होती. पूर्ण वाक्यांत लिहिलेल्या तांत्रिक अहवालाऐवजी स्लाइडवर भागवण्याची सवय हा नासाच्या कामकाजातला दोष आहे, असेही मंडळाने नोंदवले. "चाचणी लिंबाएवढ्या तुकड्याची आहे, आदळला तो हंड्याएवढा, म्हणून आम्हाला धोका किती ते सांगता येत नाही," असे एकच सरळ वाक्य मथळ्यात असते तर?

दुसऱ्याला नावे ठेवणे सोपे आहे, म्हणून स्वतःचेही सांगतो. काही वर्षांपूर्वी आम्ही ऑफिसात एक निरोप लिहिला: "प्रणालीत बदल करण्यात आला आहे, परिणाम किरकोळ." आणि आम्ही मुंबईच्या विमानात बसलो. रात्री काम ठप्प झाले. बदल कोणी केला, कोणत्या तक्त्यात केला, किरकोळ म्हणजे किती, यातले काहीच त्या निरोपात नव्हते. सहकारी पहाटेपर्यंत शोधत बसले. आम्ही लबाडी केली नव्हती. पण "मी केला" असे लिहिले असते, तर आधी एकदा तपासून पाहिले असते. नाव घातले की जबाबदारी आठवते. आता तर संगणकच गुळगुळीत पत्रे लिहून देतो. त्यात कर्ता आणि आकडा आपणच घालायला हवा, कारण उत्तर आपल्यालाच द्यायचे असते.

तर बाळा, प्रयोग मोठेपणी यासाठी लागतात.

स्वाध्याय

१. कर्ता घालून पुन्हा लिहा: (अ) गृहपाठ हरवला. (आ) शाळा बंद ठेवण्यात आली. (इ) चूक झाली.

२. आकडा घालून लिहा: (अ) मी बराच अभ्यास केला. (आ) आजीचे घर खूप लांब आहे.

३. पालकांसाठी: या आठवड्यात ऑफिसात लिहिलेला एक निरोप घ्या आणि तो मुलांना मराठीत सांगा. मुलांनी दोनच प्रश्न विचारायचे: "कोणी?" आणि "किती?" उत्तर देताना अडखळलात, तर निरोप पुन्हा लिहा.

उत्तरे पुढच्या रविवारी वर्गात तपासू. आमचीही वही तपासायला हरकत नाही.